मालखान्यातली ताऱ्यांची वही

मित्रांनो, मी जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही. शहाद्याच्या बाजारातून मला प्रमिलाबाईंनी आणले. त्या मुलींच्या शाळेत शिकवत. काही तारे कधी तेजस्वी होतात, कधी मंद. अशा ताऱ्यांची नोंद त्या माझ्यात करत आणि महिनाअखेरीस कलकत्त्याच्या एका मंडळाला कळवत. माझ्यात तारखा, वेळा आणि आकडेच फार. त्या आकड्यांनीच माझा घात केला.

बेचाळीसच्या नोव्हेंबरात एका पहाटे बाई घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर गेल्या. दक्षिणेला, व्याध आणि अगस्त्य यांच्या डावीकडे, पूर्वी कधी नव्हता असा ठळक तारा होता. बाईंनी तो माझ्यात टिपला आणि उजाडताच कलकत्त्याला तार करायला पोस्टात गेल्या. दिवस धरपकडीचे होते. तारेतले आकडे पाहून पोस्टमास्तरांना ती गुप्त खूण वाटली. दुपारी फौजदार घरी आले.

बाई त्यांना एवढेच म्हणाल्या, "साहेब, मला हवं तर नंतर पकडा. हा तारा रोज मंद होत जाईल. आज नोंद राहिली, तर ती कधीच होणार नाही."

फौजदारांनी मला सुतळीने बांधून नेले. बाईंना हुकूम झाला, की चौकशी संपेपर्यंत घराबाहेर पडायचे नाही, धाब्यावर चढायचे नाही.

पोलीस ठाण्याच्या मालखान्यात माझ्यावर जप्त केलेल्या सायकली आणि झेंड्यांच्या काठ्या रचल्या होत्या. खिडकी नव्हती. बाहेर तो तारा विझत चालला होता आणि माझी पाने मिटलेली होती. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. मला हलताही येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे कुलूप उघडले. कंदील घेऊन लोटन शिपाई आत आला. मालखान्याची किल्ली त्याच्याकडे असे आणि रात्री बाईंच्या दारावर पहाराही त्याचाच. त्याने माझी सुतळी सोडली आणि जिभेवर पेन्सिल ओली करून लिहू लागला. दाराआडून बाईंशी झालेले बोलणे तो लिहिता लिहिता पुटपुटत होता, म्हणून मला कळले. तो त्यांना म्हणाला होता, "बाई, तुम्हनी वही मन्हाकडे शे. कसं देखानं ते सांगा, मी लिखसू."

बाईंनी त्याला समजावले होते, "कोणत्या ताऱ्यापेक्षा मोठा, कोणत्यापेक्षा लहान, एवढंच बघा. मनचं काही घालू नका."

फौजदारांना कळले असते, तर त्याची नोकरी गेली असती. तरी अकरा पहाटे तो आला. त्याची अक्षरे वाकडी होती. 'व्याधना खालना ताराइतला.' 'आज आखो बारीक', म्हणजे आणखी लहान. एका पानावर त्याने लिहिले, 'आज माले झोप लागनी. देखं नही.' शेवटच्या पानावर होते, 'दिखना नही.' मग त्याने सुतळी पहिल्यासारखी बांधली. काही दिवसांनी त्याची बदली डोंगरात अक्राणीकडे झाली आणि त्यानंतर दीड वर्ष मला कुणी उघडले नाही.

प्रकरण मिटल्यावर मी घरी आले. 'झोप लागनी' ही ओळ बाईंनी पुन्हा एकदा वाचली. मग सारी नोंद त्यांनी उतरून काढली, ती ओळही तशीच ठेवली, खाली स्वतःचे आणि लोटनचे अशी दोन नावे लिहिली आणि ती मंडळाला पाठवली. कलकत्त्याहून उत्तर आले. तो तारा त्याच दिवसांत इतरांनीही पाहिला होता, त्यामुळे शोधाचा मान बाईंचा नव्हता. पण लोटनच्या नोंदी मंडळाने ठेवून घेतल्या. ज्याने झोप लागल्याचे लपवले नाही, त्याच्या बाकीच्या ओळी खऱ्या मानायला हरकत नाही, असे पत्रात लिहिले होते. बाईंनी ते पत्र लोटनला अक्राणीला धाडले.

मित्रांनो, आता मी एका शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. माझी धूळ रोज पुसली जाते, मोठा मान आहे. पण कपाटालाही कुलूप आहे. माझी चाळीस पाने अजून कोरी आहेत. एवढे करा, ते कुलूप काढा. आज आकाशात काय दिसले, ते माझ्यात लिहा. आणि दिसले नाही, तर तेही लिहा.