ज्योत्स्नाचे कण आणि जीवरामनानांचा पाय

डॉ. ज्योत्स्नाचं संशोधन पूर्ण व्हायला बराच अवकाश होता, पण तिचे प्राचार्य प्रेमराज सर अशा किरकोळ कारणासाठी थांबणाऱ्यांतले नव्हते.

शिरपूरकडच्या एका फार्मसी कॉलेजात ती केसाच्या शेकडो पट बारीक असे नॅनोकण बनवत होती. त्यांच्या पोटात औषध भरायचं, ते रक्तात सोडायचे. त्यांनी नेमकी गुठळी गाठून ती विरघळवायची, असा बेत. काचेच्या नळीत एक गुठळी विरघळली आणि आनंदाच्या भरात तिने ते सरांना सांगितलं. लगेच पेपरात मथळा झळकला, ‘रक्ताच्या गुठळ्यांवर खान्देशकन्येचा रामबाण!’ फोटोत सर मधोमध होते. ज्योत्स्ना कडेला, अर्धी.

पुढच्या आठवड्यात तिने औषध न भरता नुसते कण निरोगी रक्तात टाकून पाहिले. रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठलं. दुसऱ्याचं रक्त घेतलं, तेही गोठलं. कणांच्या पृष्ठभागालाच रक्त चिकटून गोळा होत होतं.

“सर, आपले कणच गुठळी करताहेत.”

“पण मग विरघळवतात ना?”

“आधी करायची आणि मग विरघळवायची?”

“म्हणजे दोन्ही कामं होतात की!” सर खूश झाले. “बाकीचं सत्कारानंतर बघू. धरणगावला मांडव घातलाय.”

धरणगाव तिचं माहेर. सत्कार ठरवला होता तिच्या काकांनी, जीवरामनानांनी. गेल्या वर्षी नानांच्या पायात गुठळी झाली होती. तेव्हापासून जळगावच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या दिल्या होत्या.

व्यासपीठावर सर बोलायला उभे राहिले आणि विज्ञान, मातृभूमी, स्वतःचं मार्गदर्शन असं करत रंगात आले. शेजारी नाना एक पाय लांब करून बसले होते. त्या पायातली चप्पल त्यांनी काढून ठेवली होती. ज्योत्स्नाने पाहिलं, पोटरी टरारून फुगली होती.

“नाना, पाय कसाले सुजना?”

“सुजू दे. पेपरमा वाचं अन् त्या गोया बंद करी टाक्यात. घरमाच औषध तयार व्हयनं, मंग बाहेरनं कसाले खावानं?”

ज्योत्स्ना उठली आणि सरांच्या हातून माईक घेतला. म्हणजे जवळजवळ ओढलाच. दोन शब्द शुद्ध मराठीत बोलून ती घरच्या बोलीवर आली.

“मनं औषध आजून औषध नही शे. मना कण उलटं रगत गोठाडतस. ज्यासनी डॉक्टरन्या गोया बंद कऱ्यात, त्यासनी आजच दवाखानामा जावानं. मना नानानीबी कऱ्यात. मी त्यासले आत्तेच जळगावले लई जास.”

मागे कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या. सरांनी माईक परत मिळवला आणि म्हणाले, “मोठ्या शास्त्रज्ञांची ही अशी नम्रता असते!”

जळगावला सोनोग्राफीत गुडघ्याच्या वर नवी गुठळी निघाली. वेळेत आलात, असं म्हणून डॉक्टरांनी कुठल्याही पेपरात न आलेलं जुनंच इंजेक्शन सुरू केलं.

“गोळ्या का बंद केल्या?” त्यांनी विचारलं.

नानांनी निमूटपणे पुतणीकडे बोट दाखवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना दवाखान्यात होते तोवर तिच्याशी धड बोलले नाहीत. चारचौघांत नाक कापलं म्हणून धुसफुसत राहिले. घरी जायच्या दिवशी मात्र त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“तुनं औषध कव्हय येई, बेटा?”

“बराच वरीस लागतीन, नाना. कदाचित येवाव बी नही.”

“हाई पेपरमा कोनी छापं नही,” नाना म्हणाले आणि काठी टेकत गाडीकडे निघाले.

रक्त चिकटू नये म्हणून तिने कणांवर नवा लेप द्यायला घेतला. पहिले कण रक्त का गोठवत होते, हे सगळं मांडून शोधनिबंध लिहिला आणि तो छापूनही आला. ती तो सरांकडे घेऊन गेली. सरांनी पहिल्या पानावर स्वतःचं नाव शोधलं, मग मजकुरावर नजर टाकली.

“ह्यात आपलं औषध चुकलं, असं लिहिलंय.”

“हो सर.”

“मग ह्यात बातमी काय?”

“हीच,” ज्योत्स्ना म्हणाली आणि प्रयोगशाळेत परत गेली. नव्या लेपाचे कण तयार होते. तिने हातमोजे चढवले आणि ताज्या रक्ताची नळी पुढे ओढली.