काटेरावांची जागा

मित्रांनो, या दुकानात येणारा माल चार-सहा दिवसांत विकला जातो. मी मात्र चौदा वर्षे इथेच आहे, कारण मी विकायचा नाही. मी एक जुना तापमापक आहे. काचेच्या फ्रिजमध्ये टांगलेला असतो आणि आत किती गार आहे ते सांगतो. एवढेच माझे काम.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्या खोलीत झाला. मला स्टीलचे गोल तोंड मिळाले, त्यावर काच, आत काळा काटा, मागे करंगळीएवढी दांडी आणि टांगायला एक आकडा. पाच अंशांपर्यंत माझी तबकडी हिरवी आहे, पुढे लाल. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येकाची दांडी त्या बर्फाच्या चुऱ्यात बुडवून बघत. काटा शून्यावर थांबला तर पेटीत, नाही तर खालच्या पिंपात. माझ्या आधीचे दोघे पिंपात गेले. माझा काटा थोडा थरथरला आणि शून्यावर स्थिर झाला. बाईंनी मला पेटीत ठेवले. तेवढीच माझी परीक्षा, आणि पुढे आयुष्यभर ती पुरेल असे मला वाटले होते.

बसथांब्यासमोर कोपऱ्यावर एक दुकान आहे. साबण, बॅटऱ्या, छत्र्या, पाव, दूध, सगळे एकाच छपराखाली. काका आणि काकी ते चालवतात आणि वरच्याच खोलीत राहतात. काचेच्या फ्रिजमध्ये दूध, उकडलेली अंडी, चिरलेली फळे आणि काकींनी केलेली सँडविच असत. काकींनी मला दाराजवळच्या कप्प्यात, अगदी पुढे टांगले. "इथे दार सारखं उघडतं, म्हणजे इथेच आधी गरम होणार," त्या काकांना म्हणाल्या. "याला पुढेच राहू दे. पहारेकरी कधी माजघरात बसतो का?"

सकाळ, दुपार, संध्याकाळ काकी चष्मा लावून माझ्याकडे बघत आणि दारावर चिकटवलेल्या तक्त्यात आकडा लिहीत. मला त्यांनी 'काटेराव' असे नाव दिले. एका उन्हाळ्यात वीज गेली आणि मी आठवर चढलो. त्यांनी पुढचा सगळा माल काढून टाकला. काका हळहळले. काकी म्हणाल्या, "काटेराव बोलले ना, मग संपलं." त्या दिवसाइतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग काकींचे गुडघे गेले. शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा जिना काही महिने बंद झाला. दुकान एकट्या काकांवर आले. सँडविचही तेच करू लागले, जाडजूड आणि वाकडी. त्याच सुमारास फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी फाटली. अन्नखात्याकडून तपासणीला आलेल्या बाईंनी ते पाहिले आणि काकांच्या हातात लेखी ताकीद दिली: पट्टी बदला, माल पाच अंशांच्या आत ठेवा, पुन्हा चूक आढळली तर दुकानाला टाळे. काकांनी तो कागद घडी करून खिळ्याला अडकवला. पट्टी 'पुढच्या आठवड्यात' बदलायची राहिली, आणि तो पुढचा आठवडा काही येईना.

मी नऊ दाखवू लागलो. रोज दुपारी अंड्याचे सँडविच घेणारा एक बसचालक होता. त्याने काचेवर टिचकी मारली. "काका, तुमच्या काटेरावांना ताप आलाय हो!"

रांगेतले लोक हसले. काकाही हसले. रांग संपल्यावर त्यांनी मला आकड्यावरून काढले आणि फ्रिजच्या पार मागे, पंख्याच्या तोंडाशी टांगले. तिथे मालच नव्हता, नुसता गार वारा. माझा काटा घसरत चारवर आला.

"हां, आता कसं शहाण्यासारखं वागताय," काका म्हणाले.

मित्रांनो, काका वाईट नव्हते. ते दमले होते, आणि चार हा आकडा बघून त्यांना खरेच बरे वाटले. हळूहळू त्यांनी बघणेही सोडले. सोमवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते आठवड्याचे सगळे चौकोन एका दमात भरत. चार, चार, चार. मी खोटे बोलत नव्हतो. जिथे टांगले होते तिथले खरे सांगत होतो. पण सँडविच होती पुढच्या कप्प्यात.

एकदा बसचालक पाच दिवस आला नाही. आला तेव्हा गाल बसले होते. "पोटानं पार झोपवलं, काका. कुठं काय खाल्लं कोण जाणे." काकांचा सँडविच द्यायला निघालेला हात काउंटरवरच थबकला. मग त्यांनी त्याला बिस्किटांचा पुडा दिला आणि सँडविच परत आत ठेवले. ठेवताना एकदा मागे माझ्याकडे पाहिले. मी चार दाखवत होतो.

पुढच्या गुरुवारी काकी काठी टेकत पहिल्यांदाच खाली उतरल्या. त्या स्टुलावर टेकतात न टेकतात तोच तपासणीच्या बाई दारात. त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि आधी तक्ता वाचला. वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"आज वार कोणता, काका?"

"गुरुवार."

"मग शनिवार संध्याकाळचं तापमान तुम्हाला आजच कसं कळलं?"

काकांनी घसा खाकरला. काकींची काठी फरशीवर एकदा वाजली.

बाईंनी पिशवीतून आपला तापमापक काढला. त्याची दांडी सुईसारखी होती. ती पुसून त्यांनी पुढच्या कप्प्यातल्या सँडविचमध्ये खुपसली. अकरा. दुसऱ्यात, अकराच.

"आमचा तर चार दाखवतोय!" काका म्हणाले. त्यांनी हात घालून मला मागून ओढून काढले. "म्हातारा झालाय हा. बिघडलाय. यानंच घात केला बघा. आजच फेकतो." आणि मला कचऱ्याच्या डब्यावर धरले.

मला जन्माच्या वेळचे ते पिंप आठवले.

"थांबा," काकी म्हणाल्या. "आधी बर्फ आणा. बाई, तुम्हीच बघा."

एका पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी आले. बाईंनी माझी दांडी त्यात धरली. तीन जणांचे डोळे माझ्यावर होते. काटा शून्याच्या जरा अलीकडे असता, तरी सगळा दोष माझ्यावर ढकलता आला असता आणि दुकानाला कदाचित थोडी सूट मिळाली असती. हे मला कळत होते. पण तापमापकाला दुसरे काही येत नाही. काटा थरथरला आणि शून्यावर थांबला.

"हा अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "कुठे टांगला होता?"

काकांनी काकींकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "मागे. पंख्यापाशी. मीच टांगला." थोडे थांबून, कोणी न विचारता, त्यांनी बसचालकाचेही सांगून टाकले.

पुढच्या कप्प्यातला माल कचऱ्यात गेला. दुकानाला सात दिवस टाळे लागले आणि शटरवर नोटीस चिकटली. येणारे-जाणारे ती मोठ्याने वाचत. वर खोलीत काकी एवढेच म्हणाल्या, "नोटीस पडेल निघून. त्या माणसाकडे जाऊन या आधी."

काका थांब्यावर गेले. परत येऊन त्यांनी काकींना सांगितले ते मीही ऐकले, कारण मी तेव्हा त्यांच्या खिडकीत ठेवलेला होतो. बसचालक म्हणाला, "काका, मी पाच दिवस बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. आता तिच्यासमोर तुम्हीच चला." काका गेले. तिथे त्यांनी काय ऐकले ते त्यांनी सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलणारा मिस्त्री दारात हजर होता.

आठव्या दिवशी शटर वर गेले. काकांनी मला पुन्हा पुढे, दाराजवळ टांगले. दुपारी गर्दी उसळली, दार सारखे उघडत राहिले, आणि मी सातवर गेलो. काकांनी चष्मा लावला. माझ्याकडे पाहिले, रांगेकडे पाहिले. मग पुढचा कप्पा रिकामा केला आणि तक्त्यात, सगळ्यांच्या देखत, सात लिहिला.

काकींनी काठीचे टोक त्या चौकोनावर ठेवले. "इतक्या दिवसांत हा पहिला आकडा तुम्ही बघून लिहिलात."

मित्रांनो, माझी काच आता धुरकट झाली आहे आणि आकडा गंजला आहे. जुना झालो की मला बदला, त्याचे वाईट वाटणार नाही. फक्त माझ्या जागी जो येईल त्याला मागच्या गार वाऱ्यात लपवू नका. जिथे माल लवकर तापतो, तिथेच त्याला टांगा. आणि रोज त्याच्याकडे बघा.