मडक्यातलं पांढरं

खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या मंडपात मंगळवारी सकाळपासूनच बायकांची रीघ लागायची. पुरुषांना मज्जाव. मधोमध ताकाचं मडकं. प्रत्येकीनं वाकून त्याच्या तोंडाशी आपलं दुखणं पुटपुटायचं. मग अंगात देवी येणाऱ्या तुळजाबाई चिमूटभर भस्म टाकायच्या आणि मडकं फसफसून उतू जायचं.

"बघ, पांढरं वर आलं! तुझ्या अंगातलं निघालं!" तुळजाबाई गरजायच्या. "आता हेच ताक प्यायचं. गोळ्या मुठा नदीत सोडायच्या. गोळी अन् देवी एका पोटात नांदत न्हाईत."

देवीला शेजार सोसत नाही, हे मला नवीनच होतं.

मी तिथे गेले ती विजयमालासाठी. स्वारगेटजवळच्या माझ्या दवाखान्यात ती पुन्हा पुन्हा यायची. अंगावरून पांढरं जाणं, खाज, जळजळ. गोळ्यांनी थांबायचं, थोड्या दिवसांनी उलटायचं. नवरा संशय घेऊ लागला होता. सासू सोजरबाई तर तिला कायमची माहेरी धाडायला निघाली होती. म्हणून या खेपेला मी गोळ्या जास्त दिवसांच्या दिल्या आणि सोबत उपयोगी जंतूंच्या कॅप्सूल. सासूसमोरच समजावलं, "दह्यात असतात ना, साधारण तसले जंतू. काही जणींना फायदा होतो. पण गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही."

सोजरबाईंनी यातला फक्त 'दही' हा शब्द मंडपात नेला. "डाक्टरीन बी दहीच देतीया!" झालं, उरलेल्या गोळ्या मुठेत गेल्या. आधी घेतलेल्या गोळ्यांमुळे विजयमालाला काही दिवस बरं वाटलं आणि श्रेय मडक्यानं घेतलं. मग दुखणं दुपटीनं उलटलं.

त्या मंगळवारी मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा मडक्याशी काहीच पुटपुटले नाही. पर्समधली पुडी काढून ताकात रिकामी केली. मडकं उतू गेलं.

"माझ्या अंगात कुठलीही देवी येत नाही," मी म्हटलं. "हा वाण्याकडचा खायचा सोडा. आंबट ताकात पडला की फेस येतो. बाईंच्या भस्मातही हाच असणार. आता ते साध्या पाण्यात टाकते, देवीचा चमत्कार असेल तर तिथंही फेस येईल."

भस्म पाण्यात पडलं. ढिम्म काही झालं नाही.

तुळजाबाईंनी ते पाणी बाजूला सारलं. "पाण्याला कुठली आलीया श्रद्धा?"

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढचीनं पदर सावरला, मडक्यापाशी वाकली आणि रांग सरकली. मी रिकामी पुडी पर्समध्ये टाकून बाहेर पडले.

विजयमालानं मला मंडपाबाहेर गाठलं. "मॅडम, सोडा हाय हे कळलं मला. पन ताक पिताना घरात कुनी इचारत न्हाई, कशासाठी पितीस. गोळी दिसली की समदे इचारत्यात. अन् हितं तरी मडक्याला सांगता येतं. तुमच्यामागं घरी मी कुनाला सांगू?"

मी पर्समधल्या नव्या गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. तिनं त्या ब्लाउजमध्ये लपवल्या, चोरून आणल्यासारख्या.

मडकं फोडणं सोपं आहे हो. उद्या दुसरं येईल. बायांनो, मडक्याला सांगता ते डॉक्टरला सांगा आणि गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. ताक जेवणात प्या. आणि घरच्यांनो, सुनेच्या हातात गोळी दिसली तर 'कशाची' म्हणून विचारू नका. पेलाभर पाणी द्या.