पिशवीत जागा नाही

थोरलीने फाटका बूट निवडला, बटण दाबलं, आणि टीव्हीच्या पडद्यावर तो बूट तळ्याकाठच्या भंगाराच्या ढिगावर जाऊन पडला. पिशवीतला एक चौकोन रिकामा झाला. काल या गच्च पिशवीपायीच हातातोंडाशी आलेला मासा सुटला होता. काठी वाकली, दोरी ताणली, मासा पार काठापर्यंत आला, आणि अक्षरं उमटली : पिशवीत जागा नाही.

खेळ धाकटीचा. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. चष्म्याच्या दुकानातून परतलं की थोरली तिच्या खोलीत बसून मासे धरायची. नुसतं भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. पण धाकटीला कुठलीही वस्तू टाकायची म्हणजे जिवावर यायचं. मोडक्या काठ्या, गुंता झालेली दोरी, गंजका डबा, शिळं आमिष. पिशवी नुसती ठासून भरलेली. थोरलीने आज मनावर दगड ठेवला. मोडकं ते सगळं ढिगावर गेलं, जास्तीची रिळं खेळातल्या पेटीत गेली. पिशवी कशी सुटसुटीत झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ उघडला, तर बूट पिशवीत परत. काठ्याही. डबासुद्धा.

आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणून तिने सगळं पुन्हा टाकलं. त्याच्या पुढच्या दिवशी पिशवी पुन्हा गच्च भरलेली. तिने हाक मारली,

"आई, जरा इकडे ये गं."

आई दारातच थांबली. पडद्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

"मीच ठेवलं ते."

"तू?"

"दुपारी तू नसतेस. ढिगापाशी जायचं, उचलायचं, एवढं शिकवलं होतं तिने मला. तिच्या वस्तू अशा उघड्यावर पडलेल्या मला बघवेनात."

थोरलीला हसू आलं. "अगं, मग सांगायचं ना! मी इथे भुताटकी समजून बसले होते."

आईही ओशाळं हसली. थोरली पिशवी खालपर्यंत बघत गेली. शेवटच्या चौकोनात एक मासा होता. चंदेरी, लांबट. खेळात धरलेला मासा थोड्याच वेळात करडा पडतो. हा अजून शेपटी हलवत होता.

"आणि हा कधी धरलास?"

"मासा?" आई जवळ येऊन वाकली. "मला गळ कुठे टाकता येतो? त्याचं बटण कुठलं, तेही माहीत नाही."

"मग दुपारी कोण आलं होतं?"

"कोण येणार? दाराला आतून कडी होती."

आईने ओले हात पुन्हा पुन्हा पदराला पुसले.

मग थोरलीने स्वतःची नवी काठी पिशवीतून काढून पेटीत टाकली. आपलं आमिष काढलं, वजनं काढली, जाळी काढली. धाकटीच्या एकाही वस्तूला तिने हात लावला नाही. बरीच जागा मोकळी झाली. खेळ चालू ठेवूनच ती उठली.

"चल, चहा टाकते," आई म्हणाली.

स्वयंपाकघरात आईने भांडं चढवलं. थोरली स्टुलावर बसली. आधण खळखळायला लागलं तेवढ्यात खोलीतून आवाज आला. दोरी पाण्यात पडल्याचा, आणि मागोमाग रीळ फिरल्याची बारीक किरकिर.

थोरली ताडकन उठली. आईने तिचं मनगट धरलं.

"जाऊ नकोस. मध्येच कोणी डोकावलं की चिडते ती."

थोरली हळूच खाली बसली. आणि नीट ऐकू यावं म्हणून आईने गॅस बंद केला.