भुवयांच्या वर

माझे भावोजी लोकांच्या चेहऱ्यांवर पोट भरतात. चष्म्याच्या दुकानात ते पुढच्या काउंटरवर उभे असतात आणि गिऱ्हाइकानं दारात पाऊल टाकलं न टाकलं तोच त्याच्या तोंडाचा हिशेब त्यांनी मांडलेला असतो. गोल चेहरा, चौकोनी फ्रेम. हनुवटी निमुळती असेल तर वरून जड फ्रेम नको, नाहीतर तोंडाचा भोवरा होतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण शेवटी भावोजी म्हणतील तेच घेऊन जातं, आणि पुढच्या वेळी भावाला घेऊन येतं.

हे सगळं ते बोलतात जाड काचांच्या आडून, आणि डोक्यावर एक बट घेऊन. ती बट डाव्या कानाच्या वर उगवायची, टक्कल ओलांडायची आणि उजव्या कानापाशी जाऊन विसावायची. समोरून बघणाऱ्याला वाटे, माणसानं भांग जरा खाली पाडलाय. मी मात्र बसते गल्ल्यावर आणि आमचा गल्ला उंचावर आहे. मला ते डोकं वरून दिसे, रुंद नाल्यावर एकच फळी टाकावी तसं. मी त्यांची मेहुणी, म्हणजे थट्टेचा हक्क मला नात्यातच मिळालेला. पण ही नोकरी त्यांनीच लावून दिली, म्हणून तो हक्क मी जपून वापरते.

मालकांनी दुकान सुनेच्या हाती सोपवलं आणि सूनबाईंनी आल्या आल्या छत बदललं. काउंटरवर पांढरेझक्क दिवे लावले, फ्रेम चमकाव्यात म्हणून. चमकायचं ते भावोजींचं डोकं. मग एका शुक्रवारी सकाळी सूनबाईंनी आम्हाला बोलावलं.

"बाहेर नवा बोर्ड लावायचाय," त्या म्हणाल्या. "त्यावर कुणा मॉडेलचा फोटो नको, आपल्याच माणसाचा हवा. बोर्डावर जो बघितला तोच आत काउंटरवर भेटला पाहिजे. सोमवारी फोटोवाला येईल. ज्याचा फोटो लागेल तो पुढे, दुसरा मागे काचा घासायला."

काउंटरवर माणसं दोनच. एक भावोजी आणि दुसरा झुलपं. झुलपं हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण त्याला दुसरं काही म्हणावं असं त्याच्यात सापडत नाही. कपाळावर आलेली कुरळी बट फुंकरीनं उडवायची आणि पुन्हा पडू द्यायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. मधल्या वेळात चष्मे विकतो.

सूनबाईंनी आधी झुलपंकडे बघितलं, मग भावोजींकडे, मग दिव्याकडे. "तुम्ही जरा केसांचं काहीतरी बघा."

त्या गेल्यावर भावोजी माझ्यापाशी आले. "काहीतरी बघा म्हणजे काय बघू? असते तर बघितले असते."

हसण्यासारखं होतं, पण मी हसले नाही. मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र आहे, पाण्याची बारीक धार आहे, आणि चेहरा एकही नाही. भावोजींना तिथे बसवणं म्हणजे गवयाला तंबोरे पुसायला ठेवणं.

मी ताईच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहते. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी भावोजींच्या डोक्यावर सभा भरली होती.

"मी कधीची सांगतेय, ती बट काढा," ताई म्हणाली.

"कधी सांगितलंस?"

"मनात."

"मनातलं मला ऐकू येत नाही."

"मोठ्यानं सांगितलेलं तरी कुठे येतं?"

भाचीनं तेवढ्यात त्यांचा फोटो फोनवरच्या कसल्याशा ॲपमध्ये घातला होता. ते ॲप भलतंच उदार. आधी डोकंभर केस उगवून द्यायचं, मग त्यांना वळण लावायचं. "बाबा, हा बघा. बाजूला बारीक, वर दाट. तुमच्या चेहऱ्याला किती शोभतोय."

"चेहऱ्याला शोभतोय. डोक्याला विचारलंस का?"

"मग दाढी ठेवा. लक्ष खाली जाईल."

"सोमवारपर्यंत दाढी येते होय?"

"टोपी घाला," मी म्हटलं.

"खजिनदार, तू तर बोलूच नकोस," भावोजी म्हणाले. दुकानात ते मला खजिनदार म्हणतात. घरी म्हणाले की समजायचं, पारा चढलाय.

चढणारच. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना सांगतो की तुमच्यावर काय खुलतं, त्याला सगळं घर सल्ले देत होतं, आणि एकही सल्ला असा नव्हता ज्यात त्याचं स्वतःचं डोकं हिशेबात धरलेलं आहे. शेवटी भाची त्यांना तिच्या नेहमीच्या सलूनमध्ये घेऊन गेली. तिथे गाणी लावलेली असतात, कॉफी देतात आणि न्हाव्याला स्टायलिस्ट म्हणतात. भावोजींनी चष्मा काढून खिशात ठेवला, "होऊ द्या" म्हणाले, आणि सगळं पार पडल्यावर चष्मा लावला. बट अर्धी कापून, चिकट काहीतरी चोपडून उभी केली होती. फळी काढली होती आणि तिचं कुंपण केलं होतं.

"हे काय केलंत?" भावोजींनी विचारलं.

"सर, मी विचारलं होतं, वर घेऊ का? तुम्ही हो म्हणालात," ती स्टायलिस्ट मुलगी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. भाचीनं मला नंतर सांगितलं, बाबा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते.

शनिवारी दुकानात झुलपंनं त्यांना नीट न्याहाळलं. "काका, दचकलात का कशाला?"

भावोजींनी हातानं कुंपण दाबून बघितलं. जरा वेळ मिळाला की आत जाऊन डोकं धुवायचे आणि कुंपण पुन्हा उभं राहायचं. ट्रे आपटून ठेवत होते. एका गिऱ्हाइकाला तर म्हणाले, "काहीही घ्या, कोण बघतंय." हे वाक्य त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. सूनबाईंनीही ते ऐकलं.

दुपारी एक वयस्कर बाई आल्या, भावोजींसारख्याच जाड काचांच्या. त्यांनी नवी फ्रेम डोळ्यांवर चढवली, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि वैतागल्या. "यात साधी काच आहे हो. मला मीच दिसत नाहीये, तर फ्रेम कशी दिसतेय ते काय कळणार?"

"बाई, आरशाकडे बघूच नका. माझ्याकडे बघा." भावोजींनी फोन काढून त्यांचा समोरून एक, बाजूनं एक फोटो घेतला. मग त्यांना त्यांचा जुना चष्मा लावायला दिला आणि फोन हातात ठेवला. "आता बघा."

हे ते जाड नंबरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला करतात. मी रोज बघते. पण त्या दिवशी मी त्यांच्या डोक्यावरचं कुंपण बघत होते आणि माझ्या मनात एकदम दोन रकमांची बेरीज झाली. बाई गेल्यावर मी त्यांना हाक मारली.

"भावोजी, सलूनमध्ये तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"आरशात. आणखी कुठे?"

"चष्मा काढून?"

"चष्म्यावर केस पडतात."

"मग ते शेवटी मागून छोटा आरसा धरतात, तेव्हा काय करता?"

"मान हलवतो."

"आणि काय दिसतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "कुणीतरी मान हलवतंय, एवढं दिसतं."

त्यांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा ठेवला. मग बराच वेळ एकच फ्रेम पुसत बसले. संध्याकाळी निघताना म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. माझे केस कापणाऱ्या नेहमीच्या कारागिराकडे. माझा मला फोटो काढता यायचा नाही."

त्या दुकानात बाईमाणूस कधी शिरलं नसावं. मी आत गेले तशी बाकावरची वर्तमानपत्रं वर झाली. कारागीर म्हातारा, हात हलका. भावोजींच्या डोक्याची अवस्था बघून त्याला वाईट वाटलं. "साहेब, हे कुणी केलं? काळजी नको. वाढली की पुन्हा नेहमीसारखी बसवतो."

"थांबा," भावोजी म्हणाले. "आधी हिला फोटो काढू द्या."

मी खुर्चीच्या पायरीवर चढून वरून फोटो घेतला. भावोजींनी चष्मा लावला आणि फोन जवळ धरला.

"हे कोण?"

"तुम्ही."

"मागून मी असा दिसतो?"

"मागून नाही, हे वरून आहे. मागचा अजून काढायचाय."

त्यांनी फोन कारागिराच्या हातात दिला. "इतकी वर्षं तुम्हाला हे दिसत होतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार, साहेब? तुम्ही बसायचात आणि 'नेहमीचं' म्हणायचात. मला वाटायचं, या बटेवर तुमचा जीव आहे."

"मला वाटायचं, तुम्ही जाणकार. तुम्ही ठेवताय म्हणजे मला हीच शोभत असणार. शेवटी तुम्ही 'छान' म्हणायचात."

"तुम्ही मान हलवायचात, म्हणून मी छान म्हणायचो."

दोघंही आरशात एकमेकांकडे बघत राहिले; या वेळी भावोजींनाही दिसत होतं, कारण चष्मा लावलेला होता. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांच्या मर्जीखातर ती बट सांभाळली, आणि हवी ती दोघांनाही नव्हती.

मग कातरी चालली. थोडं कापायचं, मी फोटो काढायचा, भावोजींनी चष्मा लावून बघायचं, "अजून" म्हणायचं, चष्मा काढायचा. बाकावरचा एक जण म्हणाला, "आमचा नंबर आज लागेल ना?" कारागिराचा हात दर वेळी हवेत थांबायचा आणि त्याच्या कपाळावरची शीर फुगायची. पण भावोजी आता काउंटरवरचे भावोजी झाले होते. कानावरचं आणखी खाली घ्या, इथे रुंदी दिसतेय. मागे गोल नको, सरळ ठेवा. शेवटी सगळे केस सारखे बारीक झाले आणि टक्कल लपवायचं राहिलंच नाही. चेहऱ्याला एकदम कपाळ आलं. मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि करण्यासारखं काही सापडलं नाही.

घरी ताई त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली. "कान दिसले तुमचे. बरे आहेत की."

सोमवारी फोटोवाला आला. झुलपंला आधी बसवलं. बट फ्रेमवर पडली. बाजूला केली, पुन्हा पडली. त्यानं सवयीनं फुंकर मारली आणि काचेवर वाफ आली. "दादा, ते केस आवरा," असं सांगून सांगून फोटोवाला थकला.

मग भावोजी बसले. त्यांना फोटोसाठी साध्या काचेची नवी फ्रेम दिली होती. त्यांनी मान किंचित खाली घातली, म्हणजे डोक्याचा आकार नीट यावा.

"साहेब, मान सरळ. डोकं नकोय."

"नकोय म्हणजे?"

"बोर्ड दारावर आडवा बसणारे, बुटका आहे. भुवयांपासून नाकापर्यंतच घ्यायचंय. चष्म्याचाच बोर्ड ना?"

भावोजींनी चष्म्याच्या आडून सूनबाई कुठे उभ्या असतील त्या दिशेला बघितलं. साध्या काचेतून त्यांना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे नजर मोठी शांत आली होती. फोटोवाल्यानं तेवढ्यात टिपलं.

"यांचाच घ्या," सूनबाई म्हणाल्या. "डोळे छान आलेत. तुम्हीच पुढे राहा."

झुलपंनं एक फुंकर मारली आणि तो मागच्या खोलीकडे गेला.

"मॅडम," भावोजी म्हणाले, "केसांचं बघा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"हो, तुमची बट गिऱ्हाइकापुढे वाकलात की ट्रेमध्ये लोंबायची. आता ठीक आहे." आणि त्या फोनवर बोलत बाहेर गेल्या.

भावोजी गल्ल्यापाशी आले. काउंटर राहिला होता, आनंद व्हायला हवा होता. "एवढं डोकं घेऊन मी गावभर फिरलो. घरच्यांचं ऐकलं, कुंपण मिरवलं, त्या कारागिराचा जीव काढला. आणि बोर्डावर काय, नाक."

"भुवयासुद्धा आहेत."

"खजिनदार."

मी गल्ला मोजायला घेतला.

बोर्ड लागला. त्यावर दोन मोठे शांत डोळे आहेत. आत भावोजी स्वतःचा जाड चष्मा लावून उभे असतात, आणि त्या काचांमागे तेच डोळे मण्यांएवढे दिसतात. परवा एका गिऱ्हाइकानं आत येऊन इकडेतिकडे बघितलं. "ते बोर्डावरचे साहेब कुठे आहेत?"

"मीच तो," भावोजी म्हणाले.

गिऱ्हाइकानं बाहेर जाऊन वर बघितलं, आत येऊन त्यांच्याकडे बघितलं, आणि भिडेखातर मान हलवली. ती मान भावोजी बरोबर ओळखतात. ते माझ्याकडे वळले. "तुझ्या फोनमध्ये माझा रविवारचा शेवटचा फोटो असेल ना? पूर्ण डोक्याचा? दाखव यांना."

मी दाखवला.

"छान आहे," गिऱ्हाईक म्हणालं. "पण मला फ्रेम बघायची होती."