एक वर, बाकी खाली

दादाच्या डाव्या घोट्यात सळई होती. पाऊल दाबता यायचं, उचलताना मात्र जीव जायचा. म्हणून तो स्वतःच्या प्रत्येक मोटरसायकलचे गिअर उलटे बसवायचा: पहिला तेवढा वर उचलून, बाकी सगळे खाली दाबून. चिखल, वाळू, डांबरी ट्रॅक, घाटाची चढण, सगळीकडे तो जिंकला, आणि प्रत्येक शर्यतीसाठी त्याने वेगळी गाडी बांधली. इंजिन तो जुळवायचा, सांगाडा मी वेल्डिंग करून उभा करायचो. टाळ्या अर्थातच एकट्याच्या वाट्याला.

त्याची शेवटची गाडी संग्रहालयात ठेवायची ठरली. समारंभात सत्तरीतला दादा तिच्यावरून एक फेरी मारणार होता. महिनाभर तो हेल्मेट घालून आरशासमोर उभा राहायचा. वहिनी म्हणायची, "नवरदेव आहे नुसता!"

आदल्या दिवशी मी संग्रहालयात गेलो. गाडीशेजारी पाटी होती: 'संपूर्ण बांधणी चालकाची स्वतःची.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग चाळीस वर्षं ठिणग्यांनी डोळे जाळून घेतले ते कोणी?

तिथला मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "गिअर उलटे बसवले होते हो कोणीतरी. सरळ करून टाकले, पहिला खाली, बाकी वर."

मी तोंड उघडलं. पुन्हा पाटीकडे पाहिलं आणि मिटलं. पडू दे एकदा तोंडघशी, असंच मनात आलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दादाने सवयीने गिअर वर उचलला. पहिल्याऐवजी दुसरा पडला, तरी गाडी निघाली. वेग घेतल्यावर त्याने पुढच्या गिअरसाठी खाली दाबलं आणि पहिला पडला. मागचं चाक जागीच अडकलं. दादा उडून कठड्यावर आदळला.

मी धावलो. कोणीतरी म्हणालं, "सांगाडाच कच्चा असणार."

दादा कण्हत ओरडला, "सांगाड्याला नावं ठेवू नका! माझ्या भावाच्या हातचा आहे तो. पाय माझा चुकला."

खुबा मोडला तो मोडलाच. आता तो खाटेवरून उठत नाही. येईल त्याला सांगतो, म्हातारपणी पायाने दगा दिला. मेकॅनिक नोकरीपायी गप्प आहे. मी रोज दादाच्या उशाशी बसतो आणि काहीच बोलत नाही.

पाटीवर आता माझंही नाव आहे. दादानेच फोनवर भांडून ते घालायला लावलं.