खरंच जाताय?

साहेबांना लोकांचं जाणं सोसत नसे. गाद्या विकणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवर माणूस आला, की त्याने गादी घ्यावी, नाही घेतली तर निदान तिथेच लोळत पडावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. पण लोक मेले दोन मिनिटं बघायचे आणि कुठल्या तरी लिंकवर क्लिक करून पसार व्हायचे.

म्हणून त्यांनी ताईंना बोलावलं. ताई म्हणजे सगळ्या ऑफिसच्याच ताई. वय सेहेचाळीस. वेबसाइटचं काम मुलीच्या कॉम्प्युटरवर, मुलगी झोपली की बसून, आपलं आपणच शिकलेल्या.

"ताई, लिंकवर क्लिक केलं की माणूस जातो. थांबवता येईल का?"

"येईल की. क्लिक मध्येच पकडायचं आणि ब्राउझरला सांगायचं, तुझं नेहमीचं काम करू नकोस. मग पुढचं आपल्या मर्जीने."

"आपल्या मर्जीने!" साहेबांच्या तोंडाला पाणीच सुटलं.

ताईंनी चार ओळी लिहिल्या. आता लिंकवर क्लिक केलं तरी पान जागचं हलेना. मधोमध चौकट उगवायची: 'खरंच जाताय?' खाली 'नाही, थांबतो' असं हिरवंगार बटण आणि कोपऱ्यात मुंगीएवढं 'हो'. आठवड्याभराने साहेबांनी ते 'हो'सुद्धा काढायला लावलं.

"मग लोकांनी जायचं कुठून, साहेब?"

"तो त्यांचा प्रश्न. आपण कुठे म्हटलं जा म्हणून?"

ताईंना पटलं नाही. पण न पटलेल्या गोष्टी करण्याचाच त्यांना पगार होता. त्यांनी 'हो' काढलं. महिनाअखेरीला साहेबांनी तक्ता दाखवला: लोक आता सरासरी अकरा मिनिटं थांबतात! अडकलेला माणूस थांबलेल्यांत धरला की आकडे असे गुटगुटीत होतात. त्या आनंदात साहेबांनी ती चौकट कंपनीच्या झाडून सगळ्या पानांवर लावायला सांगितली. ताईंनी लावली. कुठली पानं, हे मोजत बसल्या नाहीत.

पुढे ताईंना वाचनालयात नोकरी मिळाली. घरापासून दहा मिनिटांवर, उजेडी घरी पोचता येईल अशी. अट एकच: राजीनामा दिल्याची पोच शुक्रवारी पाचपर्यंत पाठवा, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या बाईंना बोलावू. आणि राजीनामा तोंडी चालत नसे. कर्मचाऱ्यांच्या पानावरचा फॉर्म भरायचा, हा साहेबांचाच नियम.

शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी ताईंनी 'राजीनामा'वर क्लिक केलं.

'खरंच जाताय?' चौकटीने विचारलं. खाली हिरवंगार बटण. एकच.

तेवढ्यात मुलीचा फोन. "आई, झालं का गं?"

"अडकलेय."

"कशात?"

"माझ्याच चार ओळींत."

"मग काढून टाक ना त्या!"

"साहेबांनी हो म्हटल्याशिवाय काही बदलता येत नाही, बाळा. आणि त्यांच्याकडचं 'हो' तुला माहितीये."

शेजारच्या टेबलावर गोदामाच्या नोंदी ठेवणारे काका गालात हसत होते. "स्वतःच लावलंत कुलूप, ताई. बसा आता आमच्याबरोबर."

ताई बसल्या नाहीत. म्हणजे खुर्चीतच होत्या, पण डोकं धावत होतं. त्यांनी आपल्या ओळी पुन्हा वाचल्या. पकडलं होतं ते फक्त माउसच्या डाव्या बटणाचं क्लिक. उजवं बटण दाबून 'नव्या टॅबमध्ये उघडा' म्हणणाऱ्याला अडवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांनी उजवं बटण जन्मात दाबलं नव्हतं, त्यामुळे तपासतानाही कुणाला कळलं नाही.

ताईंनी उजवं दाबलं. फॉर्म सुरळीत उघडला. चार एक्केचाळीसला पोच आली, बेचाळीसला वाचनालयाकडे गेलीसुद्धा.

पाच मिनिटांत साहेब समोर उभे. "ताई, हा राजीनामा आला कसा? लिंक तर बंद आहे!"

नऊ वर्षांनंतर 'का जाताय' एवढंही नाही. ताईंना ते लागलं, पण लागल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

"उजव्या बटणाने, साहेब."

"म्हणजे गिऱ्हाइकंही तशी जात असतील?"

"ज्यांना फारच जायचं असेल, ती जात असतील."

साहेबांचा चेहरा पडला. "नोटिशीचा महिना आहे ना तुमचा? पहिलं काम, ते भोक बुजवा."

"सोमवारी बघू," ताई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

साहेब केबिनमध्ये गेले. काकांनी मान वळवून दार लागल्याची खात्री केली आणि आपली खुर्ची ताईंच्या टेबलाशी ओढली.

"ताई, निघायच्या आधी जरा दाखवता का? हळू हळू दाखवा हं, मला लिहून घ्यायचंय."